विमान कंपन्यांचे समभाग: आलेखाच्या जोडीला इंधन आणि डॉलर

इंडिगोच्या समभागाचा भाव 200 दिवसांच्या चल सरासरीच्या (गेल्या 200 दिवसांच्या बंद भावांच्या सरासरीच्या) वर गेला की डोळे झाकून खरेदी करावी, असे भावाचा आलेख पाहणारे काही जण म्हणतात, ते मत मला अपुरे वाटते. देशांतर्गत विमान कंपनीला मिळकत मुख्यतः रुपयांत होते, परंतु विमानांचे भाडे आणि देखभालीचा बराच खर्च डॉलरमध्ये असतो. त्यामुळे विमाने भरून जात असतानाही रुपया घसरला की तिमाही नफा आटतो, आणि डॉलरमधील देणी रुपयांत नव्याने मोजल्याने दिसणारा कागदी तोटा निकाल वाचताना वेगळा काढावा लागतो. विमान इंधनाचे दर दर महिन्याच्या 1 तारखेला बदलतात, ती बातमीही आलेखाशेजारी हवीच.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरील गर्दी पाहून तिथे समभाग घेणारेही आहेत (उत्साहाला तोटा नाही). परंतु जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये आणि गो फर्स्ट मे 2023 मध्ये थांबली, ती प्रवाशांअभावी नव्हे.

रेल्वेची ऑनलाइन तिकिटे विकणाऱ्या आयआरसीटीसी या सरकारी कंपनीचे गणित निराळे आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये ऑनलाइन तिकिटावर घेतल्या जाणाऱ्या सुविधा शुल्काचा अर्धा वाटा रेल्वेला द्यावा लागणार, या बातमीने तिचा भाव कोसळला आणि निर्णय मागे घेताच बराचसा सावरला. हा हेलकावा कोणत्याही सरासरीने आधी दाखवला नसता.