'प्रीपोन' हे क्रियापद चुकीचे का ठरवायचे?

नौपाडा, ठाणे (चर्चेचा विषय): आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवडाभर अलीकडे घेतल्याची इंग्रजी सूचना फलकावर लागली, तेव्हा तीतील 'प्रीपोन्ड' हा शब्द एका सभासदाने लाल शाईने खोडून शेजारी 'असा शब्द इंग्रजीत नाही' असे लिहिले. हा आक्षेप मला मान्य नाही. 'पोस्टपोन' हे लॅटिनमधील 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणे यांतून आले. 'प्रीपोन'ची घडण तशीच आहे. सोळाव्या शतकात ते 'समोर ठेवणे' या अर्थाने इंग्रजीत आढळते, आणि तारीख अलीकडे आणणे हा अर्थ 1913 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलेल्या एका वाचकाच्या पत्रात, मुख्यतः वकिलांच्या उपयोगासाठी म्हणून, सुचवलेला आहे. म्हणजे ही आपल्याकडच्या अर्धवट इंग्रजीची उपज नव्हे.

ऐरोली: व्युत्पत्ती निर्दोष आहे, परंतु शब्द चालतो तो ऐकणाऱ्याला कळला तर. ऑक्सफर्डचे कोशही त्याला भारतीय इंग्रजीतील शब्द म्हणतात. आमच्या कार्यालयातून लंडनला गेलेल्या पत्रात तो होता, आणि त्याचा अर्थ विचारणारे उलट पत्र आले. 'ब्रिंग फॉरवर्ड' हा रूढ प्रयोग हाताशी असताना हा अट्टहास कशासाठी?

वाशी: 'फॉरवर्ड' हा शब्द वाटतो तितका निःसंदिग्ध नाही. बुधवारची बैठक दोन दिवस 'मूव्ह्ड फॉरवर्ड' झाली असे सांगितले, तर काही इंग्रजी भाषक सोमवार समजतात आणि काही शुक्रवार. मानसशास्त्रज्ञ लेरा बोरोडित्स्की यांनी यावर प्रयोग केले आहेत. आपल्याकडेही 'सभा पुढे घेतली' म्हटले की तोच घोळ होतो, 'अलीकडे घेतली' म्हटले की होत नाही. 'प्रीपोन'मध्ये ती स्पष्टता आहे.

ऐरोली: 'मूव्ह' आणि 'ब्रिंग' यांची गल्लत होते आहे. 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हटल्यावर कोणीही शुक्रवार समजत नाही. परदेशी पत्रव्यवहारात मी 'प्रीपोन' वापरू देणार नाही.

नौपाडा, ठाणे: परदेशी पत्रापुरते आपले म्हणणे मान्य, परंतु ठाण्यातल्या सभासदांसाठी लिहिलेल्या सूचनेला लंडनचा निकष लावणे मला अन्यायाचे वाटते. 'डोनेट' हे क्रियापदही 'डोनेशन'वरून घडून अमेरिकेत रूढ झाले, एकोणिसाव्या शतकातील शुद्धिवाद्यांनी त्याला नावे ठेवली, आणि तरीही ते टिकले, कारण बोलणाऱ्यांना त्याची गरज होती.