पांढऱ्या बाराबंदीवर लाल डाग पडलेत, चादरीचा रंग लागला का?

प्रश्न (बाळीवेसवाली):
सिद्धेश्वरांच्या यात्रेत ह्यांनी घातलेली बाराबंदी (बंद बांधायचा अंगरखा), सुती आहे. घरी येऊन त्याच कपड्यात जेवायला बसले आणि आमटी सांडली. मी रात्रीच साबणाच्या पाण्यात भिजवली, त्याच बादलीत नवीन मरून चादरपण टाकली, एवढीच चूक. सकाळी बघते तर बाराबंदीवर लालभडक डाग! सासूबाई म्हणायलात चादरीचाच रंग. ब्लीच मारू का? कुणाला माहिती असेल तर लवकर सांगा की.

उत्तर (अशोक चौक):
थांबा थांबा, ब्लीच नको लगेच. डाग नेमका कुठं पडलाय ते बघा आधी. आमटी सांडली तिथंच लाल आणि बाकी कापड पांढरं असेल तर ती हळद आहे, चादर नव्हे. हळदीला साबण किंवा सोडा लागला की ती लाल होते, लग्नात हळदीचे कपडे धुताना बघितलं नाही का? साध्या पाण्यात खळबळून लिंबू पिळलं की परत पिवळी पडेल, म्हणजे खात्री. सगळ्या कापडावर गुलाबी झाक असेल तर मात्र चादरीनंच घात केलाय.
हळद असेल तर आधी तेल काढा, भांडी घासायचं लिक्विड डागावर चोळून पंधरा मिनिटं ठेवा (लाल होईल, घाबरू नका), नीट धुवा आणि ओलीच उन्हात पसरा. हळदीचा रंग उन्हात उडतो, आणि ऊन तर आपल्याकडं फुकट आहे, जानेवारीतपण. दोन-तीन दिवस लागतील, रोज थोडं पाणी शिंपडत राहा. डाग असताना इस्त्री अजिबात नको, पक्का बसतो.

उत्तर (जुळे सोलापूर):
वरचं बरोबर. चादरीचं पण ऐका, आमच्या घरात यंत्रमाग होता म्हणून सांगते, गडद रंगाची चादर पहिल्या दोन-चार वेळा एकटीच गार पाण्यात धुवायची. मीठ टाकून रंग पक्का होतो म्हणतात, त्यावर फार भरवसा नको, जास्तीचा रंग निघून जाईपर्यंत धुत राहणं हाच उपाय. आणि नवीन टॉवेल पाणी टिपत नाही म्हणून कंडिशनर ओतू नका, तो थर बसून अजूनच टिपत नाही, दोनदा साधं धुतलं की खुलतो.

उत्तर (विजापूर वेस):
बोअरचं पाणी वापरताय का? पांढरे कपडे करडे पडतात ते बऱ्याचदा क्षारामुळंच, साबण क्षाराला चिकटून कपड्यात बसतो. शेवटच्या बादलीत एक चमचा लिंबूसत्त्व टाकायचं. पण ब्लीच वापरलं असेल त्या दिवशी लिंबू, व्हिनेगर काहीच नको, दोन्ही एकत्र आले की विषारी गॅस होतो, मोरी बंद असेल तर फार वाईट.

बाळीवेसवाली:
लिंबू पिळलं, पिवळं झालं! म्हणजे हळदच. सासूबाईंना दाखवलं तर म्हणे मग चादर आधी का नाही वेगळी भिजवली. आता गच्चीवर टाकलीय, परवा सांगते.

बाळीवेसवाली:
तिसऱ्या दिवशी पिवळं गेलं, खांद्याजवळ जराशी सावली राहिलीय, ती चादरीची असावी बहुतेक. ह्यांना मात्र अजून दिसली नाही.