दहा बाय दहाच्या खोलीत साडेपाच लाखांची सिस्टीम: पैसा वसूल होतो का?

खर्ज
माझा मामेभाऊ साडेपाच लाखांची स्टिरिओ सिस्टीम घेतोय. अ‍ॅम्प, डॅक (डिजिटल गाण्याचं स्पीकरला चालणाऱ्या विद्युत लहरीत रूपांतर करणारं यंत्र), जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर आणि नुसत्या केबलचे ४५ हजार. घर परळला, पुनर्विकास झालेल्या इमारतीत. सिस्टीम लागणार ती खोली दहा बाय दहा. माझं मत स्पष्ट आहे: यातला निम्म्याहून जास्त पैसा पाण्यात जाणार.

कारण खोली. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. एवढ्या अंतरावरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या (सेकंदाला ५६ कंपनांच्या) आसपासचा स्वर अडकतो आणि घुमत राहतो. लांबी-रुंदी सारखीच असल्याने दोन्ही बाजूंनी तोच स्वर घुमणार. छत साडेनऊ फुटांवर, म्हणजे तिथेही साधारण ५९ हर्ट्झ. बेस गिटारची 'ए' तार ५५ हर्ट्झची असते. ती वाजली की भिंतीला टेकून बसलेल्याला खोली हादरल्यासारखी वाटेल आणि मधोमध बसलेल्याला तो स्वर जवळपास ऐकूच येणार नाही. स्पीकर चाळीस हजारांचे असोत की चार लाखांचे, भिंती त्याच राहणार. उलट मोठे स्पीकर खालचे स्वर जास्त ताकदीने फेकतात, त्यामुळे त्रास वाढतो.

केबलचं तर बोलायलाच नको. दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पाच मीटर ओढली, तर जाऊन-येऊन रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जेमतेम ०.१२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला त्याने डेसिबलच्या (आवाजाच्या पातळीचं माप) आठव्या हिश्श्याएवढा फरक पडतो. तो कुणाच्या कानाला कळणार?

मारवा
गणित मान्य, निष्कर्ष अमान्य. तुम्ही सगळा विचार खालच्या स्वरांचा केलात. मी गाणं शिकते, म्हणून तानपुऱ्याचं उदाहरण देते. पुरुषी तानपुरा काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावला की खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराची तार ६९ हर्ट्झवर येते. पण आपण नुसते ६९ ऐकतो का? जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारी घोडीची घडण, नीट लागलेली असेल तर त्याच तारेतून पाचपट वरचा, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या आसपासचा स्वयंभू गंधार उमलतो. तो कुणी छेडलेला नसतो. त्याच्याही वर कितीतरी स्वर एकामागून एक उजळतात आणि मावळतात. तानपुऱ्याचा प्राण तिथेच आहे, आणि तुमच्या ५६ हर्ट्झच्या घुमण्याशी त्याचा काही संबंध नाही. टीव्हीखालच्या साउंडबारवर तानपुरा म्हणजे नुसती भुणभुण. चांगल्या सिस्टीमवर प्रत्येक तार वेगळी कळते. ज्याला हे ऐकायचंय त्याने पैसे का खर्च करू नयेत? हौसेला मोल नसतं.

खर्ज
मारवाताई, साउंडबारची बाजू मी घेतलेलीच नाही. ३४६ हर्ट्झ आणि त्याच्या वरचे स्वर नीट बनवलेला चाळीस हजारांचा स्पीकरही स्वच्छ देतो. माझा प्रश्न चाळीस हजार ते साडेपाच लाख या अंतराचा आहे. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत पडद्याआड स्पीकर ठेवून वर्षानुवर्षं लोकांना ऐकवले. ज्या स्पीकरचा प्रतिसाद सपाट, म्हणजे कुठलाही स्वर फुगवत किंवा दाबत नाही, तोच लोकांना सातत्याने आवडला. मेयर आणि मोरान या अभ्यासकांनी २००७ मध्ये सुपर ऑडिओ सीडीचा (सीडीपेक्षा जास्त तपशील साठवणाऱ्या तबकडीचा) आवाज साध्या सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झमधून काढून ऐकवला, तर सर्वसाधारण पातळीवर ऐकताना फरक कुणाला ओळखता आला नाही. किंमत दिसली की कानही बदलतात. दुकानात तर एक अ‍ॅम्प अर्ध्या-एक डेसिबलने मोठा लावला तरी तोच 'खुललेला' वाटतो.

भडकमकर मार्ग
दुरुस्तीच्या धंद्यात आहे, म्हणून एक वेगळा मुद्दा. मुंबईची दमट हवा फोमला खाते. स्वस्त वूफरच्या (खालचे स्वर देणाऱ्या स्पीकरच्या) कडेचा फोम काही वर्षांत बोटाने दाबला की चुरा होतो. रबराची कड कितीतरी जास्त टिकते. जुने चांगले अ‍ॅम्प उघडले की आत जागा असते, कपॅसिटर बदलता येतात आणि मशीन पुन्हा उभं राहतं. हल्लीच्या स्वस्त मालात सगळं एकाच बोर्डावर. बोर्ड गेलं की डबा भंगारात. टिकाऊपणासाठी जास्त पैसे द्यायला माझी ना नाही. केबलबाबत मात्र खर्ज यांच्याशी सहमत.

पार्लेकर
एवढ्या पैशांत माणूस कितीतरी वर्षं दीनानाथ, रवींद्र, एनसीपीए अशा सभागृहांत जाऊन प्रत्यक्ष गाणं ऐकेल. शिवाय शेजाऱ्यांचं काय? खालचे स्वर भिंतीतून पलीकडे जातात. तीस हजारांचा हेडफोन घ्या, खोलीचाही प्रश्न मिटेल.

मारवा
पार्लेकर, प्रत्यक्ष मैफलीला तोड नाहीच. पण किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचं गाणं आपल्याकडे फक्त तबकड्यांमध्ये आहे. आणि हेडफोनमध्ये गवई डोक्याच्या आत बसून गातो. मला तो समोर बसलेला हवा.

पार्लेकर
त्या तबकड्यांची एक बाजू साडेतीन मिनिटांच्या आसपास, आणि विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं १९२५ साली. त्याआधी सगळे भोंग्यात गायचे. तबकडीत जे उतरलंच नाही ते साडेपाच लाख कुठून आणणार?

मारवा
जेवढं उतरलंय तेवढं तरी पुरतं मिळावं! त्या खरखरीमागचा श्वास, षड्जावरचा ठहराव मला हवाय.

खर्ज
या इच्छेशी माझं भांडणच नाही. भांडण आहे ते पैसा कुठे घालायचा यावर. पंखा चालू, खिडकी उघडी आणि खाली रस्ता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादाच दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि परळचा रस्ता ती कधी पाळतो? सीडीत सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठा आवाज असा ९६ डेसिबलचा आवाका असतो. त्यातले सगळ्यात हळू श्वास या गोंगाटाखाली जातात. म्हणून आधी दुहेरी काचेची खिडकी, जाड पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट, आणि स्पीकर भिंतीपासून पुढे. मग मध्यम आकाराचे चांगले स्पीकर आणि साधा दणकट अ‍ॅम्प. दीड-दोन लाखांत हे सगळं बसतं.

मामेभावाने केबलची ऑर्डर थांबवली आहे. रविवारी त्याच्याकडे दोन अ‍ॅम्प येणार आहेत, एक महाग, एक साधा. चादरीआड ठेवून, मीटरने दोन्हींचा आवाज सारखा करून ऐकणार आहोत. मारवाताई, तुम्ही या.

मारवा
येते. माझं मत अजून तेच आहे. फक्त येताना तानपुरा घेऊन येईन. नुसती दोन यंत्रं एकमेकांशी ताडून काय कळणार? खरा आवाज शेजारी हवा.

भडकमकर मार्ग
मीटर माझ्याकडे आहे. साडेदहापर्यंत पोहोचतो.