व्हेंडर मीटमध्ये (पुरवठादार-खरेदीदार मेळाव्यात) कार्ड मिळालं की रात्रीच पीडीएफ धाडायची का?

इतवारी_होलसेल: मेळाव्यातून घरी आलं की सगळ्या कार्डांचे नंबर सेव्ह करा, व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज सगळ्यांना) बनवा आन् कंपनी प्रोफाइलची पीडीएफ सोडून द्या. लाजणाऱ्याचा धंदा होत नाही.

हिंगणा_लेथ: या सल्ल्यापायीच सगळ्यांचे फोन तुंबून राह्यले राजेहो. ब्रॉडकास्ट फक्त त्यालाच पोचतो ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला. काल भेटलेला माणूस काहून सेव्ह करेल? हॉलमधून निघायच्या आधीच कार्डाच्या मागं लिहा: काय बोलणं झालं, आपण काय कबूल केलं, कधीपर्यंत. गुळगुळीत कार्डावर बॉलपेन उमटत नाही, मग फोटो काढून त्याखाली टाइप करा. दुसऱ्या दिवशी 11 च्या सुमारास चार ओळी, त्याही एकट्या त्यालाच: "काल व्हेंडर मीटमध्ये 6 इंची एसएस 304 फ्लँजबद्दल बोललो होतो. ड्रॉइंग आलं की 2 दिवसांत रेट देतो. ड्रॉइंग कोणाकडून मागवू?" बस. रेटकार्ड नाही, सुप्रभात नाही.

मिहान_आयटी: त्यापेक्षा मेल करा. परचेसवाल्यानं नोकरी सोडली की व्हॉट्सॲप त्याच्यासोबत जाते, मेल कंपनीत राहतो.

इतवारी_होलसेल: मेल पाहते कोण, भाऊ?

बुटीबोरी_परचेस: आम्ही पाहतो. विषयाच्या ओळीत नुसतं "नमस्कार" असलं तर नाही पाहत. वस्तू, माप, गाव लिहा. जीएसटी, पॅन, कॅन्सल चेक, उद्यम (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) हे सारं एका फाइलीत तयार ठेवा, मागितल्यावरच पाठवा. उद्यम आधी, लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यायच्या आयकर नियमामुळे (1961 च्या कायद्यातलं 43बी(एच)) ऑडिटवाले तेच विचारतात.

इतवारी_होलसेल: आलं 45 दिवसांचं पुराण! एवढा कायदा आहे तर पेमेंट काहून लटकते?

हिंगणा_लेथ: कारण अर्ध्या लोकांना वाटते 45 दिवस आपोआप मिळतात. लेखी करार नसेल तर 15च. करार असला तरी 45 च्या वर नाही. उशीर केला तर खरेदीदाराला आयकरात तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. पण हे सूक्ष्म आन् लघु उद्योगांपुरतं, मध्यमला नाही.

इतवारी_होलसेल: आन् आम्ही व्यापारी?

बुटीबोरी_परचेस: तुम्हाला उद्यम मिळते, पण त्याचा फायदा बँकेच्या प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरता, 45 दिवसांचा नाही.

इतवारी_होलसेल: वा! रांगेत आम्ही, प्रसाद कारखानदाराला. म्हणूनच आम्ही शंभर जणांना पाठवतो, समजलं का?

हिंगणा_लेथ: राग सरकारवर आन् शिक्षा आमच्या फोनला? आन् पहिल्याच मेसेजात पेमेंटच्या अटी टाकू नका, कोटेशनमध्ये टाका. उत्तर नाही आलं तर आठवड्यानं एक आठवण, तीही काहीतरी नवीन देऊन: सॅम्पल, स्टॉक, बदललेला रेट. "माझा मेसेज पाहिला का" याला कोणी उत्तर देत नाही. महिन्यानं शेवटची, मग गप्प बसा.

इतवारी_होलसेल: बरं बाबा, ब्रॉडकास्ट बंद. पीडीएफ राहीन, 2 पानांची.

बुटीबोरी_परचेस: चालेल. पहिल्या पानावर संस्थापकाचा फोटो नको, मालाची यादी टाका.