‘गॅस संपला’ म्हणणारा एसी मेकॅनिक: अनुभव धागा

उन्हाळ्यात एसी गार करेना झाला की निदान ठरलेलं: गॅस संपला, नाहीतर कॉम्प्रेसर गेला. हे तपासून कसं घ्यायचं ते जाणकारांनी आपापल्या गावाच्या नावाखाली लिहावं. मोघम नको.

दर्यापूर
गॅस वापरून संपत नसतो. बंद नळीत फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहेच. ‘दरवर्षी भरावाच लागतो’ म्हणणाऱ्याला आधी ती जागा दाखवायला लावा. फ्लेअर नटपाशी (तांब्याच्या नळ्या जोडणारा नट) तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की साबणाचा फेस लावायचा. तिथे नाही सापडली तर नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट. दुरुस्तीनंतर व्हॅक्युम पंपाने नळीतली हवा काढायची, मग वजनकाट्यावर गॅस. किती ग्रॅम ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. पंप न आणता गॅसच सोडून हवा काढणारे बरेच आहेत. एसीत भरतात तो आर-३२ पेट घेणारा गॅस आहे, हे त्यांना कोण सांगणार! आणि इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, म्हणून नुसता प्रेशर गेजचा काटा दाखवला तर मान डोलावू नका.

कळंब
भाऊ, आधी जाळी धुवा. घरात कापूस भरलेला असला की फिल्टर चोंदतोच, अन् बाहेरच्या कॉइललेही तंतू चिकटतात. आतल्या कॉइलवर बर्फ धरला तर लगेच गॅस म्हणू नका. नुसता पंखा चालवून बर्फ विरघळू द्या, जाळी धुवा, मंग पाह्यजा. पुन्हा धरला तर गॅसचा संशय.

पुलगाव
पंखा फिरतो, कॉम्प्रेसर घुं करून बंद पडतो: साध्या (बिनइन्व्हर्टर) मशीनमध्ये पहिले कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा डबा) मोजायला लावा. वर ५० मायक्रोफॅरड लिहिलंय आणि मीटर ४० दाखवतो, तर तो गेला. काहीशे रुपयांचं काम. कॉम्प्रेसर जळाला म्हणत असेल तर वीज तोडून, कपॅसिटर डिस्चार्ज करून, तीन टर्मिनलच्या प्रत्येक जोडीतला ओहम समोर मोजून घ्या. दोन लहान आकड्यांची बेरीज मोठ्याइतकी यायला पाहिजे, आणि टर्मिनल ते बॉडी जोड दिसता कामा नये. कॉम्प्रेसर तापलेला असताना मोजू देऊ नका. आतला ओव्हरलोड (तापल्यावर वीज तोडणारा स्विच) उघडलेला असतो, चांगला कॉम्प्रेसरही मेलेला दिसतो. ४५-४६ अंशांत पत्र्याखालच्या युनिटचं हे नेहमीचं.

सिंदेवाही
व्होल्टेज सॉकेटवरच मोजा, तेही कॉम्प्रेसर सुरू होताना. एकदम खाली कोसळत असेल तर दोष वायरचा किंवा लाइनचा. तिथे नवीन पीसीबी (एसीचं सर्किट कार्ड) लावून काय होणार? प्लग काळा पडलाय का तेही बघा.

काटोल
‘आजच ठरवलं तर सूट’ म्हणाला की लेखी अंदाज मागा आणि त्याला जाऊ द्या. बदललेला पार्ट आपल्याकडेच ठेवायचा. कॉम्प्रेसरची वॉरंटी बहुतेकदा मशीनपेक्षा जास्त वर्षांची असते, तेव्हा पैसे देण्याआधी कार्ड शोधा. कंपनीचा नंबर कार्डावरूनच घ्या, गुगलवर खोटे भरपूर आहेत. बिल न देता पैसे मागत असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.