मदत हवी आहे: कोहिमातून माघार घेणारे जपानी जनरल सातो खरंच वेडे होते का?

माळा आवरताना चुलत आजोबांचं बर्मा स्टार पदक सापडलं. सहा टोकांचं, रिबिनीचा लाल पट्टा विटून विटकरी झालेला. ते ४/५ मराठा लाइट इन्फंट्रीत होते, मार्च १९४४ मध्ये मणिपुरात साँगशकला लढले, घरात एवढंच माहीत. समोर कोण होतं हे शोधायला बसलो आणि लेफ्टनंट जनरल कोतोकु सातो या माणसात अडकलो.

३१ वी डिव्हिजन सातोंची. साँगशकला भिडली ती तिचीच ५८ वी रेजिमेंट. बर्मातली चिंदविन नदी ओलांडताना जवळ तीन आठवड्यांचा शिधा, पुढचं इंग्रजांच्या कोठारांतून मिळवायचं, ही वरिष्ठ मुतागुचींची योजना. (पायांवर चालणारं रेशन म्हणून गुरंही हाकलत आणलेली. बरीच वाटेतच गेली.) एप्रिलात कोहिमाला वेढा घातला, पण मागून ना तांदूळ, ना दारूगोळा. शेवटी मेअखेर सातोंनी हुकूम धुडकावून माघार सुरू केली. जपानी लष्करात डिव्हिजनच्या प्रमुखानं असं करणं म्हणजे अघटितच! जुलैत त्यांना पदावरून काढलं.

माझं घोडं अडलंय ते पुढं. सातोंना स्वतःलाच कोर्ट मार्शल हवं होतं. पण ते मनोरुग्ण असल्याचा दाखला निघाला आणि खटला बारगळला. हे खरं आजारपण की सोय? आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहितोय, ऐकीव काही छापायचं नाहीये.

प्रतिसाद १
सोयच. सातोंनी तोंड उघडलं असतं तर मुतागुची आणि योजनेला होकार देणारे त्यांचे वरिष्ठ कावाबे, दोघंही चव्हाट्यावर आले असते. दाखल्यामागे कावाबेच होते. पुढं याच ‘वेड्या’ला जावात १६ व्या आर्मीच्या मुख्यालयात नेमलं, यावरून काय ते समजा. पण सातोंचा अगदी देव करू नका. कोहिमाला थोडं सैन्य ठेवून थेट दिमापूरचं इंग्रजांचं कोठार न गाठल्याबद्दल ब्रिटिश सेनापती स्लिमनं त्यांना नावं ठेवलीत. अर्थात दिमापूर मुतागुचींनाही हवं होतं, कावाबेंनी नको म्हटलं. आणि सातो-मुतागुची वैर जुनं, जपानी लष्करातल्या १९३० च्या दशकातल्या गटबाजीचं, तेही लिहा.

धागाकर्ता
वैराचं ठाऊकच नव्हतं, आभार. कोण कुठल्या गटात?

प्रतिसाद १
सातो तोसेई म्हणजे ‘नियंत्रण’ गटात, मुतागुची कोदो म्हणजे ‘शाही मार्ग’ गटात.