रेडिएटरचा फॅन फिरत नाही, मोटर बदलू का? (मुलुंड–सीप्झ रोजची गाडी)

मुलुंडचा_वाटसरू
मंडळी, सल्ला हवाय, आणि सोमवारच्या आत हवाय.

गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, ८१ हजार किलोमीटर. रोज मुलुंड ते सीप्झ. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर तापमानाचा काटा निम्म्यावर, जागचा हलत नाही. जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) लागलो, आयआयटीच्या गेटापाशी मेट्रोच्या पत्र्यांना खेटून पहिल्या गिअरमध्ये वीस मिनिटं रांगलो, की चढायला लागतो. परवा एल अँड टीच्या पुढे लाल रेषेला टेकला. एसीतून गरम वारा. बाजूला घेऊन बोनेट उघडलं, तर फॅन ढिम्म.

गल्लीतल्या मेकॅनिकने दोन मिनिटं बघून सांगितलं, "मोटर गेली, पूर्ण असेंब्ली बदला, साडेनऊ हजार." दुसरा म्हणाला, चारशे रुपयांत फॅन डायरेक्ट करून डॅशबोर्डवर बटण लावून देतो. बायको म्हणते गाडीच विका.

कूलंट बाटलीत मिन-मॅक्सच्या मध्ये आहे. खाली गळती दिसत नाही. गाडीचं बाकी काही रडगाणं नाही, एक डावा हेडलाइट पिवळट पडलाय, त्याचा बल्ब घ्यायचा राहतोय. मोटरच गेली हे घरच्या घरी कळू शकतं का? आणि मुलुंड-भांडुपकडे कुणी बरा ऑटो इलेक्ट्रिशियन?

सातबंगला
आधी हे सांगा, एसी लावल्यावर फॅन फिरतो का? बहुतेक गाड्यांत एसी चालू केला की इंजिन थंड असलं तरी फॅन लागतो. एसीवर फिरत असेल आणि नुसत्या तापण्यावर फिरत नसेल, तर मोटर शाबूत आहे. मग टेंपरेचर सेन्सर, नाहीतर कूलंटमध्ये हवा अडकलेली. दोन्हीवर फिरत नसेल तर फ्यूज, रिले (फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा आपोआप स्विच), वायर, मोटर यांच्यात शोधायचं.

मुलुंडचा_वाटसरू
आत्ताच खाली जाऊन आलो. एसी लावला की फ्यूज बॉक्समधून 'टक' आवाज येतो, फॅन फिरत नाही. नीट निरखलं तर पातं किंचित थरथरल्यासारखं वाटतं. भासही असेल.

टॅक्सीवाल्याचा_पोरगा
आमच्या बाबांच्या पद्मिनीत ही कटकटच नव्हती. फॅन पट्ट्यावर. इंजिन फिरलं की फॅन फिरला, पट्टा तुटला की थांबला. ना सेन्सर, ना रिले. अर्थात मे महिन्यात पेडर रोडच्या चढावर ती पण तापायचीच, सीटखाली पाण्याची बाटली कायम. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा बाबा दिवसभर गप्प होते.

असो, कामाचं. पुन्हा काटा चढला तर एसी बंद करा, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल स्पीडवर ठेवा. हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच. घामाने भिजाल, पण काटा थोडा उतरतो आणि गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. लाल रेषेला टेकला तर मात्र इंजिन बंदच. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभरच्या वर असतं, झाकण सैल झालं की उसळून तोंडावर येतं. बाबांच्या हातावर डाग होता त्याचा.

पवईचा_पाऊस
मी दोन वर्षं बटण लावून फिरलो, काही झालं नाही. कशाला डोकं लावताय? चारशे रुपयांत सुटा.

डेपोकाका
'पवईचा पाऊस', तुम्ही सुटलात, चांगलं झालं. पण फॅनला सुरू होताना वीसेक अँपिअर लागतात. डॅशबोर्डवरचं स्वस्त बटण आणि बारीक वायर त्याच्यासाठी नसते. मध्ये रिले आणि फ्यूज घालून केलं असेल तर ठीक, पण चारशे रुपयांत तो घालत नाही. मी वितळलेली बटणं पाहिली आहेत. शिवाय एक दिवस फोनवर बोलता बोलता बटण दाबायचं राहतं, आणि त्याच दिवशी हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) उडतं. मग साडेनऊ हजार स्वस्त वाटतात.

वाटसरू, मी बेस्टच्या डेपोत ३१ वर्षं इलेक्ट्रिकल बघितलं. आता निवृत्त, त्यामुळे वेळच वेळ आहे. इंजिन गार असताना हे करा.

किल्ली बंद. पातं बोटाने फिरवा. हलकं फिरलं पाहिजे. प्लास्टिकची पिशवी, उंदराने आणून ठेवलेला कापूस, काहीही अडकलेलं असतं. अडकत-घासत फिरत असेल तर बेअरिंग गेलं.

मग फॅनचा सॉकेट सोडवा आणि बॅटरीवरून दोन जाड वायरी थेट मोटरला द्या. हात, बाही, ओढणी सगळं पात्यापासून लांब. भसकन फिरला तर मोटर चांगली. नाही फिरला तर मोटरच्या मागच्या बाजूला लाकडी दांड्याने हलके टकटक करा. टकटक केल्यावर सुरू झाला तर आतले कार्बन ब्रश झिजलेत, आठ-पंधरा दिवसांचा पाहुणा समजा.

मोटर चांगली निघाली तर फॅनचा फ्यूज काढून उजेडात धरा, तार तुटलीय का बघा. बऱ्याच गाड्यांत ३० अँपिअरचा असतो. रिलेवर शंका असेल तर फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, बहुधा हॉर्नचा. अदलाबदल करा. नंबर जुळला पाहिजे, नुसता आकार नाही. पण एक लक्षात घ्या, तुमचा रिले 'टक' वाजतोय. म्हणजे गाडीचा संगणक हुकूम देतोय आणि तो रिलेपर्यंत पोचतोय. घोटाळा त्याच्या पुढे आहे.

चकलीची_भाजणी
पार्ट लागलाच तर सांगते. नवा हवा असेल तर ऑपेरा हाऊसकडची स्पेअर पार्ट्सची दुकानं. जुना चालत असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. पण तिथे मोटर घ्यायची तर दुकानातच बॅटरीवर लावून, दोन मिनिटं फिरवून, आवाज ऐकून घ्या. आमच्या ह्यांनी एकदा तशीच पिशवीत घालून आणली होती. घरी आल्यावर ती मिक्सरसारखी ओरडली आणि मग कायमची गप्प झाली.

इलेक्ट्रिशियन कोण ते नावाने सांगत नाही, माझा आता कल्याणला गेला. पण ओळखायची खूण सांगते. गाडी समोर आल्यावर ज्याच्या हातात आधी टेस्ट लॅम्प (करंट येतोय का बघायचा दिवा) येतो तो धरा. आधी पाना येतो तो सोडा.

मुलुंडचा_वाटसरू
डेपोकाका, काल रात्री पार्किंगमध्ये बसलो. वॉचमनने टॉर्च धरला. पातं हलकं फिरतं. बॅटरीवरून थेट दिला तर फॅन जोरात फिरला! वॉचमन दचकून मागे सरकला. साडेनऊ हजार वाचले म्हणून नाचलो.

मग नाच थांबला. फ्यूज ठीक. रिले हॉर्नच्याशी बदलला, तोच 'टक'. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला मीटर होता, म्हणून एसी लावून सोडवलेल्या सॉकेटच्या दोन पिनांत मोजलं. १२.३ व्होल्ट! म्हणजे करंट येतोय. सॉकेट परत मोटरला लावला, फॅन बंद. मोटर चांगली, करंट येतोय, तरी फिरत नाही. सॉकेटच्या पिना सैल असतील म्हणून चिमट्याने दाबल्या. काही फरक नाही. भूत आहे का हे?

सातबंगला
रंजक आहे. मी पण अडकलो.

डेपोकाका
भूत नाही, मीटर फसवतोय. मीटर स्वतः जवळपास करंट घेतच नाही. चाळीतल्या नळाचं आठवा. नळ उघडून तोटी बोटाने दाबून धरली तर दाब जाणवतो, वाटतं भरपूर पाणी आहे. बोट काढून बादली लावली की धार करंगळीएवढी. पाइपात कुठेतरी गाळ बसलेला असतो. तुमच्या सर्किटमध्येही तसाच गाळ आहे. मीटरला तो दिसत नाही, पण मोटरने पंधरा-वीस अँपिअर मागितले की सगळा दाब तिथेच मरतो. पातं थरथरतं म्हणालात ना, ती ही करंगळीएवढी धार.

आता वजन टाकून, म्हणजे मोटर जोडलेली ठेवून मोजायचं. सॉकेट मोटरला लावलेला, एसी चालू. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर. लाल पिन मोटरच्या काळ्या वायरला, सॉकेटच्या मागून टोचून. तिथे जवळपास शून्य यायला हवं, फार तर ०.२ व्होल्ट. जास्त आलं तर अर्थमध्ये, म्हणजे पत्र्यातून बॅटरीकडे परत जायच्या वाटेत घोटाळा. शून्य आलं तर लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी मोटरच्या पॉझिटिव्ह वायरवर, आणि तोच हिशोब. तिकडे जास्त आलं तर रिलेच्या सॉकेटमधली एखादी पत्ती जळून काळी पडलेली असणार.

माझा अंदाज अर्थचा आहे. दोन प्रश्न विचारतो. तो डावा हेडलाइट पिवळट आहे म्हणालात, एसी लावल्यावर तो आणखी मंद होतो का? आणि गाडीच्या पुढच्या बाजूचं काही काम केलं होतं का, गेल्या सहा महिन्यांत?

मुलुंडचा_वाटसरू
काका, पाय कुठे आहेत तुमचे?

दोन महिन्यांपूर्वी सोनापूर सिग्नलला रिक्षाने ठोकलं होतं. पुढचा बंपर, डाव्या बाजूचा आतला पत्रा, डेंटिंग-पेंटिंग झालं. तेव्हा पावसाळा होता, फार तापत नव्हती, म्हणून मी ते आणि हे जोडलंच नाही. आत्ता खाली जाऊन हेडलाइट लावून एसी चालू केला. डावा दिवा कंदिलासारखा झाला. बंद केला, परत पिवळट.

काळ्या वायरवर मोजलं. १०.८.

डेपोकाका
सापडलं. बारातले जवळपास अकरा व्होल्ट अर्थच्या जोडणीतच जातायत, मोटरला उरला दीड. डाव्या हेडलाइटची काळी वायर आणि फॅनची काळी वायर तुमच्या गाडीत एकाच बोल्टवर येत असणार. हेडलाइटच्या मागे, आतल्या पत्र्यावर बघा. काम करणाऱ्याने रंग सुकल्यावर अर्थचं टोक रंगावरच कसलं असेल. रंग म्हणजे इन्सुलेशन. कुठल्यातरी ओरखड्यातून थोडासा करंट जात राहतो, तेवढ्यावर दिवा पिवळा लागतो. मोटरला ते पुरत नाही.

बोल्ट काढायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. टोकाच्या खालचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा सँडपेपरने घासून चकचकीत पत्रा काढा. वायरचं टोकही घासा, हिरवट पूड धरली असेल. घट्ट कसा. कसून झाल्यावर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस फासा, आधी नाही. मुंबईची खारी हवा आहे, उघडा पत्रा दोन पावसाळे टिकत नाही.

पवईचा_पाऊस
मान्य, काका. माझं बटण पण आज दाखवून येतो कुणाला तरी.

मुलुंडचा_वाटसरू
झालं! हेडलाइटच्या मागे हात घालायला एअर फिल्टरचा पाइप काढावा लागला, कोपर सोललं. दहाचा बोल्ट, त्यावर दोन काळ्या वायरी. खालचा रंग गाडीच्या रंगाचाच, छान चकचकीत, फक्त टोकाभोवती फुगून करपलेला, डोशाच्या कडेसारखा. वासही तसाच जळका. काकांनी सांगितलं तसं घासलं, कसलं, व्हॅसलिन लावलं. खर्च सँडपेपरचे दहा रुपये. व्हॅसलिन बायकोचं.

एसी लावला, फॅन सुरू. डावा दिवा उजव्याइतका पांढरा. परत मोजलं, ०.०६. मग एसी बंद ठेवून इंजिन पाऊण तास जागेवर चालवलं. काटा निम्म्याच्या केसभर वर गेला, फॅन लागला, थोड्या वेळाने स्वतःच बंद झाला, परत लागला. मी खुर्ची टाकून बघत बसलो होतो. सोसायटीतले लोक विचारत होते काय चाललंय.

आज सोमवार. आयआयटी ते साकी विहार पस्तीस मिनिटं. काटा हलला नाही. गाडी हलली नाही ते वेगळं.

साडेनऊ हजारवाल्याला जाऊन सांगू का?

चकलीची_भाजणी
सांगू नका. पुढच्या वेळी टायर पंक्चर झाला की तोच लागतो.

डेपोकाका
लाल रेषेला टेकली होती, तेवढं विसरू नका. पंधरा दिवस रोज सकाळी गार इंजिनावर कूलंटची पातळी बघा. गळती नसताना कमी होत असेल, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला, किंवा गरम इंजिनावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केट दाखवून घ्या. काहीच नसेल तर बिनधास्त चालवा.

नवी_मुंबईचा_नवखा
काका, माझं उलटं आहे. किल्ली काढली तरी फॅन बंदच होत नाही. सकाळी बॅटरी उतरलेली. धक्का मारून चालू केली.

डेपोकाका
रिले चिकटलाय बहुतेक. रिले उपटा, थांबतो का बघा. आणि वेगळा धागा काढा, मी जेवून येतो.